टॉर्की ते पोर्ट कॅम्पबेल: व्हिक्टोरियाच्या सर्फ किनाऱ्यावर कोणता समुद्रकिनारा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा किनारा नेमका कोणता आणि कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर टॉर्की हे गाव आहे. तेथून सुरू होणारा ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटरचा प्रवास करून वॉर्नाम्बूलजवळच्या अ‍ॅलन्सफर्ड येथे संपतो. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बहुतांशी कुदळ-फावड्यांच्या बळावर, हा रस्ता कड्यांच्या कडेने खोदून काढला आणि रणांगणावर राहिलेल्या आपल्या सोबत्यांना तो अर्पण केला. टॉर्कीपासून लॉर्नच्या आसपासपर्यंतचा पट्टा ‘सर्फ कोस्ट’ या नावाने ओळखला जातो. लॉर्नपुढे ऑटवे डोंगररांग थेट समुद्राला भिडते आणि केप ऑटवे हे भूशिर ओलांडल्यावर चुनखडीच्या उंच कड्यांचा प्रदेश लागतो. मेलबर्न आणि जिलाँगमधल्या मराठी घरी भारतातून आई-वडील आले की त्यांना येथे आणण्याचा बेत हटकून ठरतो, आणि या पानावरचे बरेचसे प्रश्न अशाच बेतांच्या वेळी विचारले जाणारे आहेत.

एका दिवसात किती किनारे पाहावेत?

पोहण्यासाठी एक आणि पाहण्यासाठी दोन किंवा तीन. टॉर्की ते लॉर्न अंतर सुमारे ४५ किलोमीटर, लॉर्न ते अपोलो बे तितकेच, आणि अपोलो बेपासून ट्वेल्व्ह अपॉसल्स (समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके) आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. नकाशावर हे आकडे किरकोळ वाटतात, परंतु लॉर्नपुढचा रस्ता सतत वळणावळणाचा असल्यामुळे वेळ बराच जास्त लागतो. मेलबर्नहून निघून अपॉसल्स पाहून त्याच दिवशी परत येणारे लोक बहुतेक वेळ गाडीत काढतात आणि पाण्याला पाय लावायलाही त्यांना सवड मिळत नाही. समुद्रकिनारा हाच सहलीचा हेतू असेल, तर पहिल्या दिवशी लॉर्नच्या पुढे जाऊ नये, आणि अपॉसल्स पाहायचेच असतील तर अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेल येथे एक मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

किनारा निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे सर्वांत आधी पाहावे. छायाचित्रे, लोकांनी दिलेले तारे आणि प्रसिद्धी यांचा विचार त्यानंतर करावा.

येथे येणाऱ्या मोठ्या लाटा दूरवर, दक्षिण महासागरातल्या वादळी पट्ट्यात जन्म घेतात आणि नैर्ऋत्येकडून किनाऱ्याकडे येतात. केप ऑटवेच्या पश्चिमेचे किनारे त्या लाटांच्या थेट समोर असल्याने तेथे समुद्राचा पूर्ण जोर बसतो. केपच्या पूर्वेला मात्र किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्यामुळे लाटांना भूशिराला वळसा घालून यावे लागते आणि त्या वळणात त्यांची पुष्कळशी शक्ती खर्च होते. म्हणूनच एकाच दिवशी पश्चिमेकडच्या जोहाना या किनाऱ्यावर डोक्याच्या कितीतरी वर लाटा उसळत असताना लॉर्नच्या उपसागरात मुले कमरेइतक्या पाण्यात खेळताना दिसतात. पूर्वेकडच्या भागातही प्रत्येक किनारा वेगळा आहे, कारण एखादे लहानसे भूशिर किंवा पाण्याखालचा खडकाळ पट्टा पुढे आलेला असेल, तर त्याच्या आडोशाचे पाणी शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यापेक्षा खूपच शांत राहते.

त्यानंतर वारा पाहावा. टॉर्की ते लॉर्न या भागात वायव्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाटांचा माथा धरून ठेवतो आणि त्यामुळे त्या सरळ, स्वच्छ फुटतात. सर्फिंग करणारे लोक अशा सकाळीची वाट पाहत असतात. उन्हाळ्यात (येथे डिसेंबर ते फेब्रुवारी) दुपारनंतर दक्षिणेकडून समुद्रवारा सुटतो, पाणी खवळलेले आणि गढूळ दिसू लागते आणि वाळू अंगावर उडते. त्यामुळे कुटुंबासह जाणाऱ्यांनी सकाळची वेळ साधावी. एखाद्या रणरणत्या दिवशी उत्तरेचा वारा वाहत असताना हवामान खात्याने संध्याकाळी ‘कूल चेंज’ येणार असल्याचे सांगितले असेल, तर ते गांभीर्याने घ्यावे, कारण नैर्ऋत्येचा गार वारा अचानक येऊन धडकतो, तापमान थोड्या वेळात दहा-पंधरा अंशांनी खाली येते आणि समुद्राचे रूप पालटते.

आम्हाला पाण्यात उतरायचे आहे. कोणता किनारा सुरक्षित आहे?

ज्या किनाऱ्यावर त्या दिवशी, त्या वेळी लाल-पिवळे झेंडे लावलेले आहेत, तो. झेंड्यांच्या जोडीमधल्या पाण्यावर जीवरक्षकांची सतत नजर असते आणि दर दिवशीचा प्रवाह पाहून ते झेंड्यांची जागा ठरवतात. केवळ लाल झेंडा असेल तर किनारा पोहण्यासाठी बंद आहे असे समजावे. झेंडेच नसतील तर तेथे पहारा नाही, आणि या समुद्राचा अनुभव नसलेल्या माणसाने अशा ठिकाणी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

टॉर्कीचा सर्फ बीच, जॅन जक, अँगलसी, फेअरहेवन, लॉर्न, वाय रिव्हर, अपोलो बे आणि पोर्ट कॅम्पबेल येथे हंगामात जीवरक्षक असतात. साधारणपणे नोव्हेंबरअखेरीपासून ईस्टरपर्यंत शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी स्वयंसेवक पहारा देतात, तर डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीअखेर बहुतेक ठिकाणी तो रोज असतो. वेळा आणि तारखा किनाऱ्यागणिक वेगळ्या असल्यामुळे निघण्यापूर्वी ‘बीचसेफ’ या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तपासून घ्यावे. सर्फ लाइफ सेव्हिंग ऑस्ट्रेलिया ही संस्था ते चालवते. तेथे प्रत्येक किनाऱ्याला धोक्यानुसार १ ते १० असा क्रमांक दिलेला असतो आणि त्या दिवशीच्या पहाऱ्याची वेळही पाहायला मिळते.

पहारा असलेले सगळेच किनारे मवाळ आहेत असे मात्र नाही. फेअरहेवनची वाळू लांबलचक आणि देखणी असली तरी तो मोकळा किनारा आहे आणि तेथे समुद्राकडे ओढणारे प्रवाह जवळजवळ कायम असतात. जॅन जकचेही तसेच आहे. ज्यांना समुद्रात पोहण्याचा सराव नाही, त्यांनी झेंडे असूनही या दोन ठिकाणांऐवजी लॉर्न किंवा अपोलो बेच्या बंदराकडील टोकाची निवड करावी.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. २४ जानेवारी २०२४ रोजी याच राज्यात, फिलिप आयलंडवरील फॉरेस्ट केव्ह्ज या पहारा नसलेल्या किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या चार व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडल्या. ते ठिकाण ग्रेट ओशन रोडवर नाही, पण समुद्र तोच आहे आणि सुट्टीच्या दिवसांत तेथे जाणारी कुटुंबेही आपल्यासारखीच आहेत. कोकणात किंवा गोव्यात लहानपणापासून समुद्रात डुंबलेल्या माणसालाही येथे नव्याने शिकावे लागते, कारण आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात अरबी समुद्र बराचसा निवांत असतो, तर येथे निरभ्र आकाश आणि कोवळे ऊन असतानाही हजारो किलोमीटर दूरच्या वादळाची लाट किनाऱ्यावर पोहोचलेली असते.

रिप करंट म्हणजे काय आणि तो कसा ओळखावा?

लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी आणून टाकतात आणि ते पाणी कुठून तरी परत समुद्रात जावे लागते. वाळूच्या दोन उंचवट्यांमधून, किंवा खडकाच्या कडेने, जिथे तळ खोल असेल तिथून ते पाणी अरुंद वाटेने वेगाने बाहेर पडते. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, तो त्याला किनाऱ्यापासून दूर नेतो. बुडणारे बहुतेक लोक प्रवाहाविरुद्ध थेट किनाऱ्याकडे पोहण्याच्या धडपडीत दमून जातात.

ओळखण्याची मुख्य खूण अशी की दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत, गडद आणि सपाट दिसतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहण्यासाठी उत्तम वाटते, आणि खरा घात होतो तो येथेच. कधी त्या पट्ट्यातून वाळूमिश्रित, मातकट पाणी किंवा तरंगणारे शेवाळ समुद्राकडे सरकताना दिसते, तर कधी पृष्ठभागावर उलटसुलट खळबळ असते. किनाऱ्यावर पोहोचताच पाण्यात न जाता, थोड्या उंचीवरून पाच-दहा मिनिटे केवळ पाहत उभे राहावे. वाहनतळ बहुधा कड्यावर असल्यामुळे या भागात ते सहज जमते.

प्रवाहात सापडल्यास अंग पाण्यावर सैल सोडून तरंगत राहावे, श्वास सावरावा आणि हात उंच करून मदत मागावी. शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटत आहेत तिकडे पोहावे, कारण लाटा फुटतात तिथे तळ उथळ असतो. दुसऱ्याला सापडलेले पाहून रिकाम्या हाताने पाण्यात उडी घेऊ नये. तरंगेल अशी कोणतीही वस्तू त्याच्याकडे फेकावी आणि लगेच मदत बोलवावी. २०१९ च्या ईस्टर रविवारी पोर्ट कॅम्पबेलजवळ शेरब्रुक नदीच्या मुखाशी सापडलेल्या एका पर्यटकाला वाचवताना दोन अनुभवी स्वयंसेवक जीवरक्षकांना, पिता आणि पुत्राला, प्राण गमवावे लागले. पर्यटक वाचला. ज्यांचे आयुष्य या पाण्यात गेले त्यांच्यासाठीही हा समुद्र किती अवघड ठरू शकतो, हे त्यावरून समजावे.

लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर?

टॉर्कीचा फ्रंट बीच ही माझी पहिली पसंती. पॉइंट डेंजर या भूशिराच्या आडोशामुळे तेथे लाटा लहान असतात, किनाऱ्यालगत हिरवळ आणि मोठी सावलीची झाडे आहेत, स्वच्छतागृहे जवळ आहेत आणि सपाट वाटेवरून समुद्र पाहत फिरता येते. त्याच भूशिराच्या पलीकडे सर्फ बीच असल्याने घरातल्या तरुणांना लाटा आणि आजी-आजोबांना शांत पाणी, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर मिळते.

अँगलसीजवळचा पॉइंट रोडनाइट हाही तितकाच चांगला आहे. येथे खडकाची जीभ समुद्रात लांबवर गेलेली असल्यामुळे तिच्या आतल्या बाजूचे पाणी बहुतेक दिवशी संथ राहते आणि ओहोटीच्या वेळी मुलांना खेळण्यासाठी लांब, घट्ट वाळू मोकळी होते. भूशिराच्या बाहेरच्या बाजूला मात्र मुलांना नेऊ नये. अँगलसी गावात नदीच्या पात्रात पायडलच्या होड्या भाड्याने मिळतात, त्यामुळे समुद्र खवळलेला असला तरी मुलांचा दिवस फुकट जात नाही.

गुडघेदुखी असलेल्यांसाठी लॉर्न आणि अपोलो बे सोयीचे आहेत, कारण वाहनतळ, हिरवळ आणि वाळू जवळजवळ एकाच पातळीवर आहेत.

बेल्स बीच इतका प्रसिद्ध आहे. तेथे पोहता येते का?

तेथे पोहू नये. बेल्स पाहण्यासाठी आहे, आणि पाहण्यासाठी मात्र अवश्य जावे. १९६२ पासून येथे सर्फिंगच्या स्पर्धा भरत आल्या आहेत आणि दरवर्षी ईस्टरच्या सुमारास होणारी व्यावसायिक स्पर्धा जगभरातल्या सर्फरांच्या दिनदर्शिकेत मानाची आहे. समुद्राच्या तळाशी असलेल्या खडकाळ पायरीमुळे नैर्ऋत्येची लाट येथे एका लयीत, लांबवर फुटत जाते. शेजारच्या विंकीपॉप या जागेची लाटही तितकीच नावाजलेली आहे. लाकडी जिन्याने खाली उतरता येते, परंतु वाळूचा पट्टा लहान आणि उताराचा आहे, लाट थेट काठावर आपटते, प्रवाह जोरदार आहेत आणि पहारा नाही.

कड्यावरच्या मोकळ्या जागेतून सगळे दृश्य दिसते, त्यामुळे जिना न उतरताही पाहण्याचा आनंद पुरेपूर मिळतो. मार्च ते मे या शरद ऋतूत, वायव्येचा वारा असताना सकाळी गेल्यास निष्णात सर्फर जवळून पाहता येतात. रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर या जगप्रसिद्ध कंपन्या १९६९ मध्ये टॉर्कीतच सुरू झाल्या आणि ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय सर्फिंग संग्रहालयही याच गावात आहे, त्यामुळे बेल्सला जोडून संग्रहालयात तासभर घालवणे उचित ठरते.

हा सगळा प्रदेश वाडावुरुंग या मूळ रहिवाशांचा आहे. कड्यांच्या माथ्यावर वाळूत शंख-शिंपल्यांचे जुने थर दिसतात. ते त्यांच्या पूर्वजांच्या जेवणाच्या जागांचे अवशेष असून कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून त्यांना हात लावू नये आणि आखलेली वाट सोडू नये.

सर्फिंग शिकायचे असेल तर कुठे जावे?

टॉर्की, अँगलसी, लॉर्न आणि अपोलो बे येथे परवानाधारक शाळा आहेत. त्या बोर्ड आणि वेटसूट (गार पाण्यात ऊब टिकवणारा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख) पुरवतात आणि साधारण दोन तासांचा वर्ग घेतात. या सर्वांत अँगलसीचा मुख्य किनारा नवशिक्यांना सर्वांत मानवतो, कारण तेथे वाळूचा तळ आहे आणि लाट हळुवार उलगडते. पोहता येत नसल्यास आधी तलावात पोहायला शिकावे आणि मगच नाव नोंदवावे. झेंड्यांच्या मधल्या भागात सर्फबोर्ड नेण्यास मनाई असते, हेही लक्षात ठेवावे.

एअरीज इनलेट, वाय रिव्हर, केनेट रिव्हर या ठिकाणी थांबावे का?

एअरीज इनलेट येथे थांबावे ते १८९१ मध्ये बांधलेल्या स्प्लिट पॉइंट दीपगृहासाठी आणि त्याखालच्या ईगल रॉक या सुळक्यासाठी. ओहोटीच्या वेळी तेथील खडकांमधल्या डबक्यांत तारामासे, शेवाळाचे अनेक रंग आणि लहान खेकडे दिसतात. हात घालून काहीही उचलू नये, कारण हा संरक्षित सागरी भाग आहे आणि शिवाय निळ्या वलयांचा विषारी ऑक्टोपस अशाच कपारींत लपलेला असतो. वाय रिव्हर हा डोंगराच्या कुशीतला लहानसा, सुबक किनारा आहे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वणव्यात वाय रिव्हर आणि शेजारच्या सेपरेशन क्रीक येथील ११६ घरे जळाली आणि नंतर गाव पुन्हा उभे राहिले. केनेट रिव्हर येथे निलगिरीच्या झाडांवर कोआला दिसण्याची शक्यता चांगली असते. त्यांना स्पर्श करण्याचा प्रयत्न करू नये.

ट्वेल्व्ह अपॉसल्स येथे समुद्रात उतरता येते का?

नाही. केप ऑटवेच्या पश्चिमेकडचा संपूर्ण भाग, पोर्ट कॅम्पबेलचा लहान उपसागर वगळता, पाहण्याचा प्रदेश समजावा.

दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी जीवांच्या कवचांपासून बनलेली मऊ चुनखडी येथे कड्यांच्या रूपात उभी आहे. लाटा तिच्यात आधी गुहा कोरतात, गुहेची कमान होते, कमान कोसळली की सुळका उरतो, आणि शेवटी सुळकाही पडतो. हे सगळे आपल्या हयातीत घडताना दिसते, हेच या किनाऱ्याचे मोठे वैशिष्ट्य आहे. लंडन ब्रिज या नावाच्या दुहेरी कमानीचा किनाऱ्याकडचा भाग जानेवारी १९९० मध्ये कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. जुलै २००५ मध्ये अपॉसल्सपैकी एक सुळका काही क्षणांत ढिगारा झाला. नाव बारांचे असले तरी तितके सुळके येथे आज नाहीत.

जवळच्या गिब्सन स्टेप्स येथे ८६ पायऱ्या उतरून सुळक्यांच्या पायथ्याच्या वाळूवर जाता येते. खालून पाहिल्याशिवाय त्यांची उंची कळत नाही, म्हणून शक्य असल्यास हे अवश्य करावे. परंतु भरतीला ही वाळू जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे ओहोटीची वेळ पाहूनच उतरावे आणि समुद्र मोठा असताना किंवा दरड कोसळल्यामुळे जिना बंद ठेवला असल्यास कुंपण ओलांडू नये.

लॉख आर्ड गॉर्ज हे माझ्या दृष्टीने या पट्ट्यातले सर्वांत मनाला भिडणारे ठिकाण आहे. १ जून १८७८ रोजी ‘लॉख आर्ड’ हे जहाज येथील मटनबर्ड बेटावर आदळून बुडाले. जहाजावरच्या ५४ जणांपैकी टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि इव्हा कारमायकेल ही तरुणी, असे दोघेच वाचले. टॉमने तिला पाण्यातून ओढून याच घळीच्या वाळूवर आणले आणि स्वतः कडा चढून मदत मिळवली. २००९ मध्ये घळीजवळची कमान कोसळल्यावर मागे उरलेल्या दोन सुळक्यांना टॉम आणि इव्हा हीच नावे देण्यात आली. घळीतले पाणी दोन कड्यांमध्ये बंदिस्त असल्याने निवांत भासते, परंतु मुखाशी ओढ जबरदस्त आहे. ज्यांना या भागात पोहायचेच आहे, त्यांनी दहा-बारा किलोमीटर पुढे पोर्ट कॅम्पबेल गावातल्या किनाऱ्यावर, झेंडे असताना पोहावे.

जोहाना बीचबद्दल बरेच ऐकले आहे. तो कसा आहे?

भव्य, एकाकी आणि धोकादायक. बेल्सला लाटा अपुऱ्या पडल्या तेव्हा स्पर्धा येथे हलवली गेली आहे, इतका तेथे समुद्राचा जोर असतो. पहारा नाही आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. सूर्यास्त पाहण्यासाठी आणि कोरड्या वाळूवर चालण्यासाठी जावे.

कड्याच्या सावलीत चटई टाकून बसले तर चालते का?

चालत नाही. जॅन जक, बेल्स, अँगलसीचा डीमन्स ब्लफ आणि पोर्ट कॅम्पबेलच्या सर्व कड्यांचा दगड ठिसूळ आहे आणि तो कोणतीही पूर्वसूचना न देता सुटतो. निदान कड्याच्या उंचीइतके अंतर ठेवून बसावे. वरच्या बाजूलाही कठड्याच्या पलीकडे छायाचित्रासाठी जाऊ नये, कारण काठाखालची जमीन पोकळ झालेली असू शकते आणि वरून ते कळत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

पोहण्यासाठी फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध उत्तम. शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली असते आणि पाणी वर्षातले सर्वांत उबदार, म्हणजे १८ ते २० अंशांच्या आसपास असते. कोकणातल्या पाण्याची सवय असलेल्यांना तेही गारच वाटेल, म्हणून मुलांसाठी पातळ वेटसूट घ्यावा. हिवाळ्यात पाणी १३-१४ अंशांपर्यंत उतरते. नाताळपासून जानेवारीअखेरपर्यंत लॉर्नमध्ये वाहनतळ मिळणे फार कठीण असते, विशेषतः जानेवारीच्या सुरुवातीला ‘पिअर टू पब’ ही सुमारे १.२ किलोमीटरची समुद्रातली जलतरण स्पर्धा असते त्या दिवशी.

जून ते सप्टेंबर हा काळ पोहण्याचा नसला तरी मोठ्या लाटा आणि देवमासे पाहण्याचा आहे. वॉर्नाम्बूलच्या लोगन्स बीचवर सदर्न राइट जातीच्या माद्या पिलांसह किनाऱ्याजवळ येतात आणि तेथील मचाणावरून त्या दिसतात.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका दुर्लक्षून चालणार नाही. १६ फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांनी अँगलसी, एअरीज इनलेट आणि लॉर्न या तिन्ही गावांची मोठी हानी केली होती. लॉर्नपुढे एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असल्याने बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ‘विकइमर्जन्सी’ अ‍ॅपवर त्या दिवसाचा धोका ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ असा दाखवला असेल तर सहल रद्द करावी, आणि ‘एक्स्ट्रीम’ असेल तर निदान टॉर्कीच्या पुढे जाऊ नये.

भरती-ओहोटीचा किती विचार करावा?

उंचीतला फरक मुंबईच्या मानाने कमी असला तरी अरुंद किनाऱ्यांवर तो निर्णायक ठरतो. खडकांमधली डबकी, गिब्सन स्टेप्स आणि भूशिराला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटा केवळ ओहोटीतच वापराव्यात आणि पाणी चढू लागण्याआधी परतावे. दुसरीकडे, पाणी उतरत असताना अनेक ठिकाणी रिप करंटची ओढ वाढते, हेही ध्यानात असावे.

काही किनाऱ्यांवर लोक विवस्त्र असतात, हे खरे आहे का?

होय. टॉर्कीजवळच्या पॉइंट इम्पॉसिबल येथील एका भागात आणि बेल्स व पॉइंट अ‍ॅडिस यांच्या दरम्यानच्या साउथसाइड येथे त्याला कायदेशीर परवानगी आहे. फलक स्पष्ट असतात. कुटुंबासह जाताना अवघडल्यासारखे होणार असेल तर हे दोन किनारे टाळावेत, आणि गेल्यास कॅमेरा बाहेर काढू नये.

वाळूवर दोरी बांधलेली जागा कशासाठी असते?

हूडेड प्लव्हर हा दुर्मीळ होत चाललेला लहान पक्षी ऑगस्ट ते मार्च या काळात उघड्या वाळूवर, भरतीरेषेच्या वर अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूशी इतका मिळताजुळता असतो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. दोरीपासून दूर, ओल्या वाळूवरून चालावे. कुत्रा बरोबर असेल तर त्या किनाऱ्यावरचा फलक वाचूनच त्याला खाली न्यावे, कारण वेळ आणि ऋतूनुसार नियम बदलतात.

स्वतःची गाडी नसल्यास जाता येते का?

जाता येते. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून जिलाँगपर्यंत व्ही-लाइनची रेल्वे आहे आणि पुढे टॉर्की, अँगलसी, लॉर्नमार्गे अपोलो बेपर्यंत बस जाते. बसच्या फेऱ्या मोजक्या असल्याने एकाच गावात दिवसभर राहण्याचा बेत आखावा, आणि त्यासाठी लॉर्न सर्वांत योग्य आहे. गाडी भाड्याने घेणार असाल तर टॉर्कीकडून पश्चिमेकडे जावे. भारताप्रमाणेच येथेही डाव्या बाजूने वाहने चालतात, त्यामुळे त्या दिशेने जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि रस्ता न ओलांडता थांब्यांवर वळता येते. मागे गाड्यांची रांग लागल्यास अशा थांब्यावर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे.

अडचण आल्यास मदत कशी मागावी?

०००, म्हणजे तीन वेळा शून्य, हा क्रमांक फिरवावा. बुडण्याच्या प्रसंगी पोलिसांची मागणी करावी, कारण पाण्यातल्या शोधकार्याची सूत्रे त्यांच्याकडे असतात. इंग्रजी बोलणे कठीण जात असेल तर ‘पोलीस’ किंवा ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ एवढा शब्द उच्चारून आपली भाषा सांगावी, म्हणजे दुभाष्याची व्यवस्था होऊ शकते. अनेक किनाऱ्यांच्या वाटांवर हिरव्या रंगाचे इमर्जन्सी मार्कर लावलेले असतात. त्यांवरची अक्षरे आणि अंक फोनवर सांगितल्यास मदत पथकाला नेमकी जागा कळते. वाळूवर उतरतानाच त्या फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि ज्येष्ठ मंडळी वर हिरवळीवर बसणार असतील तर ते त्यांच्याही फोनवर पाठवावे.